स्वयंसेवकांचा समन्वयक: पदही हवं, पगारही हवा

महाराष्ट्राला स्वयंसेवकांची टंचाई कधी भासली नाही. पूर आला की दोन दिवसांत मदतीचे टेम्पो निघतात. वारीच्या वाटेवर पाणी द्यायला, पाय चेपायला, मुक्कामानंतर कचरा उचलायला गावंच्या गावं उभी राहतात. टंचाई आहे ती या माणसांना काम आखून देणाऱ्या, शिकवणाऱ्या, सांभाळणाऱ्या आणि वेळ झाली की घरी पाठवणाऱ्या पूर्णवेळ माणसाची. म्हणून माझी मागणी अशी: प्रत्येक महानगरपालिकेत, प्रत्येक जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणात, प्रत्येक मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात आणि नाशिकच्या सिंहस्थाच्या यंत्रणेत स्वयंसेवक समन्वयकाचं पगारी पद असावं, आणि तरुणांपुढे हे काम एक करिअर म्हणून मांडलं जावं. त्यामागचे मुद्दे मांडतो.

१. हे दिवसभराचं काम आहे.

सार्वजनिक रुग्णालयाचंच उदाहरण घ्या. ओपीडीत गावाकडून आलेली माणसं केसपेपर हातात धरून ताटकळत असतात. एक्स-रे कुठे काढायचा, शिधापत्रिकेची झेरॉक्स कोणत्या खिडकीवर द्यायची, रिपोर्ट आज मिळणार की परवा, हे विचारायलाही ती बुजतात. जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र असतो, पण तो किती जणांना पुरणार? अशा ठिकाणी निवृत्त शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, कॉलेजची मुलं आनंदाने उभी राहतील.

पण ती उभी राहण्याआधी कोणीतरी बरंच काही ठरवावं लागतं. मंगळवारी सकाळी कोण, दुपारी कोण. त्यांनी बसायचं कुठे, ओळखपत्र कोण देणार, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह कुठे. औषधाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, रुग्णाचा फोटो काढायचा नाही, न जमणारा शब्द द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी समजावून सांगावं लागतं. वॉर्डातल्या सिस्टरना ही माणसं अडचण वाटू नयेत म्हणून त्यांच्याशीही आधी बोलून ठेवावं लागतं. एखाद्याने पहिल्यांदाच मृत्यू जवळून पाहिला तर संध्याकाळी त्याच्याजवळ बसावं लागतं. आणि एखादा सज्जन माणूस त्या कामाला योग्य नसेल तर त्याचा मान राखून त्याला थांबवावंही लागतं. मला विचाराल तर या कामातला सगळ्यांत अवघड भाग तोच.

हे काही कोणी करत नसल्यामुळे काय होतं ते मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. पहिल्या आठवड्यात उत्साहाने आलेली माणसं तिसऱ्या आठवड्यात दिसेनाशी होतात. मग ‘लोकांना वेळ नाही’ असा निष्कर्ष काढून उपक्रम बंद पडतो. वेळ होता. आल्यावर दोन तास करायचं काय, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

२. ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे.

१९०१ साली कोलकात्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून आले होते. आत्मकथेत त्यांनी तिथल्या स्वयंसेवकांबद्दल लिहिलं आहे. एकाला सांगितलेलं काम तो दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर ढकलत होता. मुक्कामी अस्वच्छता इतकी होती की ती दाखवून दिल्यावर ‘हे आमचं काम नाही’ असं उत्तर मिळालं आणि गांधीजींनी स्वतः झाडू हाती घेतला. दोष त्यांनी त्या मुलांच्या मनाला दिला नाही. वर्षातून तीन दिवस भरणाऱ्या अधिवेशनात स्वयंसेवक तयार होणार कसे, हा त्यांचा प्रश्न होता.

त्याचं उत्तर पुण्यात तयार झालं. १२ जून १९०५ रोजी नामदार गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. देशकार्य फावल्या वेळात होत नाही, त्याला आयुष्य वाहिलेली आणि शिकून तयार झालेली माणसं लागतात, या विचारावर त्याची उभारणी झाली. सभासदांना आधी काही वर्षं अभ्यास आणि प्रवास करावा लागे. त्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहाची साधी का होईना, पण निश्चित सोय संस्था करत असे. गोखल्यांनी त्यागाची अपेक्षा ठेवली, उपासमारीची ठेवली नाही.

दहा वर्षांनी त्याची परीक्षा झाली. १९१५च्या हरिद्वार कुंभात समाजाने स्वयंसेवकांचं मोठं पथक पाठवलं. हृदयनाथ कुंझरू त्याचे प्रमुख होते, डॉ. देव वैद्यकीय बाजू सांभाळत होते. गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातली मंडळीही मदतीला गेली. मलमूत्रासाठी खणलेल्या चरांवर माती टाकायचं काम त्यांनी मागून घेतलं. कुंझरूंच्या पथकात प्रमुख ठरलेला होता, वैद्यकीय जबाबदारी ठरलेली होती, म्हणून बाहेरून आलेल्या तुकडीलाही हातात घ्यायला नेमकं काम होतं. १९०१ आणि १९१५ मधला फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

पुढे १९२३ साली डॉ. ना. सु. हर्डीकरांनी हिंदुस्थानी सेवा दल उभारलं तेही शिस्त आणि शिक्षण यांसाठीच. आपल्या पूर्वसुरींनी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला होता. आपण त्यांच्याकडून सेवेचं गुणगान घेतलं आणि सेवेची व्यवस्था मात्र मागे टाकली.

३. जिथे समन्वयक होते, तिथे श्रमदान उभं राहिलं.

पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१९पर्यंत ७०हून अधिक तालुक्यांत पोहोचली. लोकांच्या लक्षात आमिर खान राहिला, १ मेचं महाश्रमदान राहिलं. मला त्यामागची रचना महत्त्वाची वाटते. प्रत्येक गावातून निवडलेल्या माणसांना आधी निवासी प्रशिक्षण मिळे. माथा ते पायथा काम कसं घ्यायचं, समपातळी रेषा कशी आखायची, चराची लांबी-रुंदी-खोली किती, हे ती माणसं शिकून गावात परतत. तालुक्याला समन्वयक नेमलेले असत. ते गावोगाव फिरत, रुसलेल्या गटांना एकत्र बसवत, अडलेलं काम मार्गी लावत.

म्हणूनच जलमित्र म्हणून श्रमदानाला आलेला पुण्या-मुंबईचा माणूस पहाटे शिवारात पोहोचला तेव्हा फक्कीने रेषा मारलेल्या होत्या. कुदळी, फावडी, घमेली मोजून ठेवलेली होती आणि ऊन चढायच्या आत थांबायचं हेही ठरलेलं होतं. कधी कुदळ न धरलेल्या माणसाचे दोन तास सत्कारणी लागले ते या तयारीमुळे. त्या कामांनी पाणी किती मुरलं याबद्दल जाणकारांत मतभेद झाले. तो वाद वेगळा आहे आणि तो व्हायलाच हवा. माणसं जोडण्याच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राने अलीकडे याहून चांगला धडा गिरवलेला नाही.

दुसरं उदाहरण केरळचं. कोळिकोड आणि मलप्पुरम भागात १९९०च्या दशकाच्या शेवटापासून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी शेजारचे स्वयंसेवक जाऊ लागले. २००८ साली राज्याने उपशामक सेवेचं धोरण केलं, स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात आणलं, आणि घरभेटींसाठी प्रशिक्षित पगारी परिचारिकेची जोड दिली. स्वयंसेवक विनामूल्य, पण त्यांच्या सोबत आणि पाठीशी असलेली व्यवस्था पगारी. त्यामुळे सेवा एका डॉक्टरच्या किंवा एका पिढीच्या उत्साहावर अवलंबून राहिली नाही.

४. जिथे समन्वयक नव्हते, तिथे मदतीचीच अडचण झाली.

३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर मदतीला आणि पाहायला आलेल्यांच्या वाहनांनी रस्ते तुंबले, हे त्या पिढीतल्या कोणालाही आठवत असेल. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात राज्यभरातून मदत धावली. रस्त्यालगतच्या गावांना पुन्हा पुन्हा मिळाली, आतल्या वस्त्या ताटकळल्या. जुन्या कपड्यांचे ढीग पडले. पाठवणाऱ्यांची माया खरी होती. कोणत्या गावाला आज काय हवं आणि काय नको, हे सांगणारा एकच अधिकृत आवाज मात्र नव्हता.

याच्या उलट, जुलै २०२३मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नव्हता. तिथे डोंगर ओळखणाऱ्या गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचा उपयोग झाला, कारण ती पथकं वर्षभर एकत्र सराव करतात. त्यांची शिस्त त्यांनी स्वतःच्या खिशाला चाट लावून कमावलेली आहे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना चांगली आहे. देशातल्या ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा देण्याचं तिचं उद्दिष्ट होतं. पण प्रशिक्षण घेतलेला तरुण सहा महिन्यांनी नोकरीसाठी चाकणला गेला, तर यादीतून त्याचं नाव कोण काढणार? पावसाळ्याआधी सराव कोण घेणार? बोटीचं इंजिन सुरू होतं का, हे त्याच्यासोबत जाऊन कोण पाहणार? जिल्ह्यातल्या या मुलांना नावाने ओळखणारा माणूस लागतो. केंद्र सरकारच्या माय भारतसारख्या मंचावर नोंदणी होणं ही सुरुवात आहे. नोंदलेला माणूस योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य कामाला लागेपर्यंतचा सगळा प्रवास त्यानंतरचा असतो.

५. राष्ट्रीय सेवा योजनेवरचं ओझं हलकं करा.

१९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थी घेऊन ही योजना (एनएसएस) सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास द्यायचे, दोन वर्षांत एक सात दिवसांचं शिबिर करायचं. शंभर विद्यार्थ्यांच्या एका युनिटला एक कार्यक्रम अधिकारी. हा अधिकारी म्हणजे प्राध्यापक. तास घ्यायचे, पेपर तपासायचे, नॅकची कागदपत्रं करायची आणि त्यातून उरलेल्या वेळात शंभर मुलांचे मिळून १२ हजार तास अर्थपूर्ण करायचे. अनेक प्राध्यापक हे निष्ठेने करतात. पण बऱ्याच ठिकाणी स्वच्छता फेरी, पथनाट्य, वृक्षारोपण, प्रमाणपत्र एवढ्यावर वर्ष संपतं. बारा हजार तासांत एका तालुक्यातल्या विहिरींची नोंद होऊ शकते, दोन-तीन शाळांतल्या मागे पडलेल्या मुलांचं वाचन पक्कं होऊ शकतं. काही महाविद्यालयांनी मिळून एक पूर्णवेळ समन्वयक ठेवला तरी चित्र बदलेल.

६. ‘सेवेचा कसला पगार?’

हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याला मनापासून उत्तर द्यायला हवं. आपल्याकडे सार्वजनिक कामाचा मान त्यागाशी बांधलेला आहे. पूर्णवेळ कार्यकर्त्याने तुटपुंज्या मानधनावर राहावं, बायकोच्या शिक्षिकेच्या पगारावर घर चालावं, हे आपण कौतुकाने सांगत आलो. त्या घरांतल्या बायकांनी काय सोसलं, हे मराठीतल्या कितीतरी आत्मचरित्रांत आलेलं आहे. या रीतीचा एक परिणाम असा की ज्याच्या घरी शेती, पेन्शन किंवा दुसरा पगार आहे, त्यालाच हे काम परवडतं. ऊसतोड कामगाराच्या मुलीला ते परवडत नाही. वस्तीतली, पाड्यावरची माणसं जोडायची तर त्याच वस्तीतून आलेली समन्वयक हवी, आणि तिने पगाराशिवाय यावं असं म्हणणं अन्याय आहे.

देणगीदारांचीही एक सवय आहे: माझा रुपया थेट गरजूच्या हातात पडला पाहिजे, पगारावर खर्च नको. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. उधळपट्टीला आळा घालावा, यात वाद नाही. पण शंभर स्वयंसेवकांना कामाला लावणाऱ्या माणसाचा पगार हा कार्यक्रमाचाच खर्च आहे. तो कार्यालयीन खर्चाच्या रकान्यात ढकलला की काटछाटीत पहिला तोच जातो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून टी-शर्ट आणि रोपं येतात. त्याच निधीतून एका समन्वयकाचा तीन वर्षांचा पगार मागायला संस्थांनी संकोच करू नये.

७. स्वयंसेवक हा स्वस्त कामगार नव्हे.

या मुद्द्यावर माझं मत अतिशय ठाम आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्ती आली ती स्वयंसेविका म्हणून. तिचा मोबदला सुरुवातीला कामागणिक होता. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयरोग्याच्या गोळ्या, कोविडच्या काळातलं घरोघरचं सर्वेक्षण, सगळं तिच्यावर. वेतन आणि सेवाशर्ती मागायला तिला आझाद मैदानात बसावं लागतं. अंगणवाडी सेविका-मदतनीसांची गत निराळी नव्हती. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये सांगितलं, तेव्हा एकात्मिक बालविकास योजनेला सुरू होऊन सेहेचाळीस वर्षं झाली होती.

काम रोजचं असेल, ठरलेलं असेल, न केल्यास जाब विचारला जात असेल, तर ती नोकरी आहे. तिथे पगार, रजा, विमा द्यावाच लागेल. स्वयंसेवा त्याच्या भोवतीची, जादाची, मनाने दिलेली असते. सफाई कामगारांची रिक्त पदं भरण्याऐवजी कॉलेजच्या मुलांकडून रस्ते झाडून घेतले जात असतील, तर ‘हे काम स्वयंसेवकांचं नाही’ असं आयुक्तांना लेखी सांगण्याचा अधिकार समन्वयकाला हवा. तो अधिकार नसेल तर त्या पदाचा उपयोग माणसं फुकट राबवायलाच होईल, आणि तसलं पद मला नको आहे.

८. कायद्याची जबाबदारीही आहे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा विनावेतन, स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण देतो. किती संस्था हे आपल्या स्वयंसेविकांना सांगतात? बालगृहात शिकवायला येणाऱ्याची चौकशी कोण करतं? तक्रार आली तर ती कोणाकडे जाते? चांगल्या मनाची माणसं आहेत, एवढ्यावर मुलांची सुरक्षितता सोपवता येत नाही.

९. शिक्षण, वेतन, बढती.

टाटा समाजविज्ञान संस्था १९३६पासून, निर्मला निकेतन १९५५पासून आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३पासून समाजकार्याचं शिक्षण देत आहेत. तिथे आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या समाजकार्य महाविद्यालयांत स्वयंसेवक व्यवस्थापनाचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम सुरू करता येईल. त्यात गर्दीचं नियोजन, प्रथमोपचार, विमा आणि कायदा, हिशेब, मराठीसोबत हिंदी आणि जमेल तिथे गोंडी किंवा भिली, वाद मिटवण्याची हातोटी, आणि निम्मा वेळ प्रत्यक्ष काम असावं. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाचं पद आहेच. समन्वयकाची वेतनश्रेणी निदान तेवढी असावी, आणि वर जिल्हा, विभाग, राज्य अशी बढतीची वाट असावी.

भरती करताना मात्र पदवीवर अडून बसू नये. दिंडीत चोपदाराने चोप उंचावला की हजारो माणसं शांत होतात. त्या इशाऱ्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आणि विश्वास असतो. मुक्कामाची जागा, तंबू, स्वयंपाक, आजारी वारकरी, हे सगळं दिंडीप्रमुख निभावून नेतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत दोर धरून तासन्‌तास गर्दी हटवणारा मंडळाचा कार्यकर्ता, बचत गटांच्या वीस बायकांना बँकेपर्यंत नेणारी सहयोगिनी, रक्तपेढीसाठी रात्री-अपरात्री दाते शोधणारा तरुण, यांना हे काम येतं. त्यांच्या अनुभवाला गुण द्या, अभ्यासक्रमात थेट प्रवेश द्या. लंडनने २०१२च्या ऑलिंपिकसाठी ७० हजार स्वयंसेवक निवडून, शिकवून उभे केले. माणसं सांभाळण्याची आपली परंपरा त्यांच्याहून जुनी आहे. तिला नोकरीची चौकट तेवढी मिळालेली नाही.

१०. सुरुवात नाशिकपासून करा.

२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. जानेवारी २००५मध्ये मांढरदेवीला सुमारे तीनशे. गर्दीचा बंदोबस्त हे पोलिसांचं काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहावं. पण पोलिसाला माणूस घाबरतो. आपल्या बोलीत ‘आजी, इकडून या, तिकडे चढ आहे’ म्हणणाऱ्या पोरीचं ऐकतो. अशी पोरं हजारोंनी लागतील.

२०२७च्या पर्वण्यांसाठी ती आयत्या वेळी गोळा करून भागणार नाही. कुंभमेळा प्राधिकरणाने एक मुख्य समन्वयक आणि रामकुंड, तपोवन, नाशिकरोड स्थानक, त्र्यंबकचा कुशावर्त परिसर अशा प्रत्येक विभागाला एक समन्वयक पर्वण्यांच्या निदान सहा महिने आधी नेमावा. प्रत्येक वीस स्वयंसेवकांवर एक गटप्रमुख, सहा तासांहून मोठी पाळी नाही, प्रत्येकाचा विमा, मुलींसाठी सुरक्षित मुक्काम, पोलिसांच्या नियंत्रण कक्षात समन्वयकाला खुर्ची आणि एखादी वाट बंद करायची असेल तर तशी सूचना थेट देण्याचा अधिकार, एवढं लेखी ठरावं. प्रत्येक पर्वणीच्या दुसऱ्या दिवशी गटप्रमुखांची बैठक घेऊन काय चुकलं ते नोंदवलं जावं. मेळा संपल्यावर या समन्वयकांना निरोप देऊ नये. नाशिक महानगरपालिकेने आणि जिल्हा परिषदेने त्यांना कायम सेवेत घ्यावं आणि त्यांची नोंदवही पंढरपूर, जेजुरी, तुळजापूर, चैत्यभूमी इथल्या यंत्रणांना द्यावी. या पदांची तरतूद येत्या अर्थसंकल्पात झाली नाही, तर नाशिकच्या आमदारांनी आणि नगरसेवकांनी त्याचा जाब सभागृहात विचारावा, आणि आपण नागरिकांनी तो त्यांना विचारावा.